टॉवरची उंची ठरते जमिनीवर

शहर उभारण्याचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी हा अनुभव येतो. रस्ते आखले, वीज-पाणी पोहोचवलं, जास्त घनतेचा झोन दिला, तरी तिथं बुटक्या इमारतीच उभ्या राहतात. दोन गल्ल्या पलीकडे मात्र आपण काही विशेष न करताही एक उंच टॉवर डोकं वर काढतो. बरीच वर्षं मी हे नशिबावर सोडून दिलं होतं. पुढे पहिल्या सिमसिटीचा कोड वाचायला मिळाला आणि लक्षात आलं, की यात नशिबाचा वाटा थोडा आहे, हिशेबाचा फार मोठा. तो हिशेब एकदा समजला की टॉवर कुठे येईल, किती मोठा होईल आणि कुठे अडेल हे बरंचसं आधीच सांगता येतं.

त्यासाठी दोन खेळ जवळून पाहू. पहिला १९८९ची सिमसिटी, कारण तिथला हिशेब छोटा आणि पूर्ण उघडा आहे. दुसरा २०१५ची सिटीज: स्कायलाइन्स, कारण आज हे खेळ खेळणाऱ्या अनेकांची सुरुवात तिथूनच झाली आहे.

पेरणी आपली, पीक खेळाचं

सिमसिटीचा निर्माता विल राइट १९८४ साली ‘रेड ऑन बंगेलिंग बे’ हा हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकण्याचा खेळ तयार करत होता. बॉम्ब टाकण्यापेक्षा ज्या बेटांवर ते टाकायचे ती बेटं रचण्यात आपल्याला जास्त मजा येते, हे त्याच्या लक्षात आलं. त्या आवडीला पुढे जे फॉरेस्टर यांच्या ‘अर्बन डायनॅमिक्स’ या १९६९च्या पुस्तकाची जोड मिळाली. शहर म्हणजे एकमेकांवर परिणाम करणाऱ्या आकड्यांची यंत्रणा, अशी त्या पुस्तकाची मांडणी होती. या दोन्हींतून सिमसिटी जन्माला आली.

या खेळाचा पाया असा, की घरं आपण बांधायची नाहीत. आपण फक्त जमिनीचा वापर ठरवायचा. इथं निवासी, इथं व्यापारी, इथं औद्योगिक. रस्ता, वीज, पोलीस चौकी, बगीचा या गोष्टी आपण थेट ठेवू शकतो. घर, दुकान आणि टॉवर आपोआप उगवतात. शेतकरी बी पेरतो, पाणी देतो, पण कणसाला हाताने ओढून मोठं करत नाही, तसं हे आहे. म्हणून ‘टॉवर कुठे ठेवू?’ असं विचारण्यापेक्षा ‘टॉवर उगवेल अशी जमीन कुठे आहे?’ असं विचारलं की उत्तराच्या जवळ जाता येतं.

नऊ चौकोनांचं आयुष्य

सिमसिटीचा नकाशा १२० बाय १०० चौकोनांचा. प्रत्येक झोन तीन बाय तीन, म्हणजे नऊ चौकोनांचा. कितीही मोठी इमारत उगवली तरी ती या नऊ चौकोनांतच बसते. आकाराची ही मर्यादा कधीच बदलत नाही. बदलते ती त्या नऊ चौकोनांत राहणाऱ्या माणसांची संख्या.

हे सगळं आज खात्रीने सांगता येतं, कारण जानेवारी २००८मध्ये या खेळाचा कोड ‘मायक्रोपोलिस’ या नावाने मुक्त परवान्याखाली खुला झाला. मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवणाऱ्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाच्या निमित्ताने ते घडलं.

आता एक निवासी झोन डोळ्यांसमोर आणा. मधल्या चौकोनात झोनची खूण आहे, भोवती आठ रिकामे चौकोन. वीज आली, रस्ता लागला, की या आठ चौकोनांत एकेक घर येऊ लागतं. खेळाच्या हिशेबात एक घर म्हणजे एक अंक, आणि लोकसंख्या दाखवताना त्या अंकाला २०ने गुणतात. आठही घरं भरली की १६० माणसं झाली.

इथं पहिली मोठी अडचण येते. आठ घरांच्या जागी एकच मोठी इमारत यायची असेल तर खेळ आजूबाजूची घनता तपासतो, आणि ती ६४च्या वर असावी लागते. शेजार विरळ असेल तर तो झोन आठ घरांवरच थांबतो, मग कितीही वर्षं जाऊ द्या. गावाबाहेर एकटी पाडलेली वसाहत कधीच उंच का होत नाही, याचं उत्तर या एका अटीत आहे. शेजार भरला की घरं जातात आणि १६ अंकांची इमारत येते, मग २४, मग ३२ आणि शेवटी ४०. चाळीस अंक म्हणजे ८०० माणसं. म्हणजे त्याच नऊ चौकोनांत १६०ची वस्ती पाचपट होते आणि जमीन तसूभरही वाढत नाही.

या प्रत्येक पायरीवर आणखी दोन तपासण्या चालू असतात. एक हवेची. प्रदूषण १२८च्या वर गेलं की निवासी झोनची वाढ थांबते. दुसरी रस्त्याची. तीन बाय तीन झोनच्या चारही बाजूंना मिळून बारा चौकोन लागून असतात आणि त्यांतल्या एकात तरी रस्ता हवा. मग खेळ त्या रस्त्यावरून एक गाडी सोडून पाहतो. निवासी झोनमधून निघालेल्या गाडीला व्यापारी झोन सापडायला हवा, व्यापारीतून निघालेलीला औद्योगिक आणि औद्योगिकमधून निघालेलीला निवासी. शोधाची मर्यादा तीस चौकोनांची. रस्ताच नसेल तर झोन ओस पडू लागतो. म्हणून कामाची जागा तीस चौकोनांच्या पलीकडे ठेवून इकडे उंच इमारतींची वाट पाहणं व्यर्थ असतं.

शहराचा मध्य आणि जमिनीचा भाव

निवासी इमारतींना शेजार लागतो, तर व्यापारी टॉवरला जमिनीचा भाव लागतो. खेळातला हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण टॉवर एकाच ठिकाणी घोळक्याने का उभे राहतात ते इथं अंकांत दिसतं.

आधी खेळ शहराचा मध्य शोधतो. तो आपण ठरवत नाही. शहरातल्या सगळ्या झोनच्या जागांची सरासरी काढली की जो बिंदू येतो तो मध्य. मग प्रत्येक जागेचा भाव ठरतो. मध्यापासूनचं आडवं आणि उभं अंतर मोजायचं, दोन चौकोनांचं एक पाऊल धरायचं. ३४मधून ही पावलं वजा करायची आणि उरलेल्याला चारने गुणायचं. म्हणजे मध्यावर १३६, एका पावलावर १३२, दोन पावलांवर १२८, असा भाव उतरत जातो. ३२ पावलांनंतर तो आणखी उतरत नाही. या आकड्यात परिसरातल्या झाडांचे, पाण्याचे आणि बगीच्यांचे गुण मिळवायचे, प्रदूषण वजा करायचं, गुन्हेगारी फार असेल तर आणखी २० वजा करायचे. भाव कधीच २५०च्या वर जात नाही.

व्यापारी इमारतीला पाच पायऱ्या असतात. पुढची पायरी चढण्याआधी खेळ भावाला ३२ने भागतो, आणि सध्याची पायरी त्या उत्तरापेक्षा मोठी असेल तर वाढ नाकारतो. चौथीवरून पाचवीवर जायचं तर भाव किमान १२८ हवा. आता हिशेब करून पाहा. मध्यापासून दहा चौकोनांवर पाच पावलं होतात. ३४ वजा ५ म्हणजे २९, गुणिले चार ११६. ३२ने भागल्यावर पूर्णांकात ३ उरतात. म्हणजे इथली इमारत चौथ्या पायरीवर अडणार. झाडं आणि बगीच्यांचे फक्त १२ गुण मिळाले तर भाव १२८ होतो आणि पाचवी पायरी खुली होते. चाळीस चौकोनांवर भाव ५६, तिथली इमारत दुसऱ्या पायरीच्या वर जात नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. हिरवळ किंवा पाणी नसेल तर सर्वांत मोठी व्यापारी इमारत मध्यापासून जेमतेम चार चौकोनांच्या आतच येते. टॉवरचा पट्टा रुंद करायचा असेल तर त्याच्या कडेने बगीचे आणि पाणी हवं. त्याच पट्ट्यात वाहतूक तुंबली तर गाड्यांचा धूर भाव खाली ओढतो आणि वाढ थांबते.

रस्त्यापासून बत्तीस मीटर

सिमसिटी २०००मध्ये, म्हणजे १९९३ साली, झोनचा ठरलेला साचा मोडला. इमारत एक, दोन किंवा तीन चौकोन बाजूची होऊ लागली आणि मोठ्या इमारतींसाठी जास्त घनतेचा झोन सक्तीचा झाला. २००३च्या सिमसिटी ४मध्ये प्लॉट लांब-आखूड झाले आणि वाढीचे आठ टप्पे आले. शेजारचे छोटे प्लॉट जोडून त्यावर मोठी इमारत येण्याची सोयही तिथं आहे.

सिटीज: स्कायलाइन्स हा फिनलंडच्या कोलोसल ऑर्डर या छोट्या कंपनीचा खेळ. इथं रस्ता कसाही वळवता येतो, त्यामुळे झोनची जाळी नकाशाला चिकटलेली नसून रस्त्याला चिकटलेली असते. एक चौकोन आठ मीटरचा. रस्त्याच्या प्रत्येक बाजूला चार चौकोन खोलीपर्यंतच झोन देता येतो, म्हणजे ३२ मीटर. आपोआप उगवणाऱ्या इमारतीचा प्लॉट रुंदीलाही चार चौकोनांपेक्षा मोठा होत नाही. म्हणजे सर्वांत मोठा प्लॉट ३२ बाय ३२ मीटरचा, १०२४ चौरस मीटर.

या एका नियमातून रस्ते कसे आखायचे ते आपोआप ठरतं. दोन समांतर रस्त्यांमध्ये आठ चौकोन, म्हणजे ६४ मीटर सोडले, तर दोन्हीकडचे पूर्ण खोलीचे प्लॉट पाठीला पाठ लावून बसतात. बारा सोडले तर मधली चार चौकोनांची पट्टी पडीक राहते. सहाच सोडले तर एका बाजूचे प्लॉट अर्धवट खोलीचे होतात आणि तिथं मोठा टॉवर येऊच शकत नाही. वळणदार रस्त्यावर जाळीचे तुकडे पडतात आणि लागोपाठ चार पूर्ण चौकोन मिळणं अवघड होतं. चौकात दोन रस्त्यांच्या जाळ्या एकमेकींवर येतात, तिथंही असंच होतं. म्हणून टॉवरसाठी राखलेला भाग सरळ रस्त्यांचा ठेवावा, आणि वळणं बंगल्यांच्या वस्तीला द्यावीत.

इथं एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. जास्त घनतेची निवासी इमारत पहिल्या पातळीवर जन्मते आणि शाळा, आरोग्य, बगीचे, जमिनीचा भाव यांच्या जोरावर पाचव्या पातळीपर्यंत चढते. पण चढताना तिचा प्लॉट बदलत नाही. दोन बाय दोनवर उगवलेली इमारत पाचव्या पातळीलाही दोन बाय दोनच राहते. त्यामुळे मोठा प्लॉट हवा असेल तर तो पहिल्याच दिवशी मिळायला हवा. सगळा रस्ता एकदम रंगवण्याऐवजी चार बाय चारचा एकेक तुकडा रंगवून तो भरेपर्यंत थांबलं, तर मोठी इमारत येण्याची शक्यता बरीच वाढते.

मजले दिसतात, माणसं क्षेत्रफळात असतात

आता असा भाग, ज्यामुळे अनेक खेळाडूंचा आपल्याच टॉवरकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो. स्कायलाइन्समध्ये इमारतीत किती कुटुंबं राहतील हे मजल्यांवर अवलंबून नसतं. प्लॉटचे चौकोन मोजायचे, पातळीनुसार ठरलेल्या अंकाने गुणायचे, शंभराने भागायचं. जास्त घनतेच्या निवासी इमारतीसाठी पहिल्या पातळीचा अंक ६०, पाचव्या पातळीचा १६०. चार बाय चारच्या प्लॉटवर सोळा चौकोन. पहिल्या पातळीला नऊ किंवा दहा कुटुंबं, पाचव्या पातळीला पंचवीस किंवा सव्वीस. खेळाडूंनी बनवलेलं दुप्पट उंचीचं मॉडेल त्याच प्लॉटवर, त्याच पातळीला उभं केलं तरी कुटुंबं तेवढीच.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे गणित ओळखीचं वाटेल. यालाच आपण एफएसआय म्हणतो, सरकारी भाषेत चटई क्षेत्र निर्देशांक. प्लॉटचं क्षेत्रफळ गुणिले निर्देशांक म्हणजे परवानगी असलेलं बांधकाम. मुंबईच्या १९९१च्या नियमावलीत शहर भागाला १.३३ आणि उपनगरांना १ असा मूळ निर्देशांक होता. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर १.३३ निर्देशांक म्हणजे १,३३० चौरस मीटर बांधकाम. ते जमिनीवर पसरून दोन मजल्यांत बांधा किंवा थोड्या जागेत उंच चढवा, एकूण बांधकाम तेवढंच राहतं. खेळातला ६० किंवा १६० हा अंक हेच काम करतो. फरक इतकाच, की शहरात निर्देशांक नियमावली ठरवते, आणि खेळात तो शाळा, दवाखाना आणि बगीचा ठरवतात. कुटुंबं वाढवायची असतील तर उंच मॉडेल शोधण्यापेक्षा वस्तीला शाळा द्यावी.

एम्पायर स्टेट कुठे बसेल?

३२ मीटरचा प्लॉट खऱ्या टॉवरपुढे किती लहान आहे ते न्यूयॉर्कच्या उदाहरणावरून कळतं. तिथं १९१५ साली ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली. ३८ मजल्यांची ही इमारत पूर्ण प्लॉट व्यापून सरळ वर गेली आणि आजूबाजूचे रस्ते सावलीत गेले. त्यावरच्या नाराजीतून सुरू असलेल्या चर्चेला जोर आला आणि १९१६ साली शहराने झोनिंगचा कायदा केला. ठरावीक उंचीनंतर इमारतीने पायरी-पायरीने मागे सरकावं, असा त्याचा नियम. प्लॉटच्या एक चतुर्थांश भागावर मात्र हवा तितका उंच टॉवर चढवता येई.

१९३१ची एम्पायर स्टेट बिल्डिंग याच कायद्यातून घडली. तिचा प्लॉट साधारण १२९ बाय ५७ मीटरचा. स्कायलाइन्सच्या मापात सोळा बाय सात चौकोन. क्षेत्रफळ सात हजार चौरस मीटरहून जास्त, आणि त्याचा चौथा हिस्सा जवळपास १,८०० चौरस मीटर. आता तोच नियम खेळातल्या १०२४ चौरस मीटरच्या प्लॉटला लावा. चौथा हिस्सा २५६ चौरस मीटर, म्हणजे १६ बाय १६ मीटर. लिफ्ट, जिने आणि पाण्याचे पाइप यांना जागा दिली की राहायला फारसं काही उरणार नाही. उंच जायचं तर खाली जागा रुंद लागते, हे सिव्हिल इंजिनिअरला माहीत असलेलं सत्य खेळाच्या चार चौकोनांत अडकून पडतं.

म्हणून असे खेळ एक दुसरा दरवाजा उघडा ठेवतात. काही इमारती झोनमधून उगवत नाहीत, आपण त्या स्वतः जागेवर ठेवतो, आणि त्यांना चार चौकोनांची अट लागू नसते. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या सिटीज: स्कायलाइन्स २मध्ये झोनची खोली सहा चौकोनांवर गेली. प्लॉट ४८ बाय ४८ मीटरचा झाला, म्हणजे क्षेत्रफळ सव्वादोन पट. शिवाय शहराने ठरावीक अटी पूर्ण केल्या की खुल्या होणाऱ्या खास इमारतीही आल्या. त्या एकेकट्याच येतात, म्हणून त्यांची जागा विचार करून निवडावी. सरळ जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या टोकाशी किंवा पाण्याच्या कडेला ठेवलेली एकच उंच इमारत दहा विखुरलेल्या टॉवरपेक्षा शहराला जास्त ओळख देते.

यंत्राची मर्यादा

शेवटची मर्यादा दिसत नाही, पण ती सगळ्यांत कडक असते. खेळाला प्रत्येक इमारतीची नोंद ठेवावी लागते, आणि त्या नोंदवहीची पानं आधीच मोजलेली असतात. पहिल्या सिटीज: स्कायलाइन्समध्ये अशा ४९,१५२ नोंदी बसतात. वही भरली की जमीन मोकळी असली तरी नवी इमारत येत नाही. एक चौकोनाचं घर आणि सोळा चौकोनांचा टॉवर, दोघंही एकेकच पान घेतात. चार बाय चारच्या एका प्लॉटवर जितकी कुटुंबं राहतात, साधारण तितकीच दोन बाय दोनच्या चार प्लॉटवर राहतात. पण चार छोट्या इमारती चार पानं खातात. फार मोठं शहर करायचा बेत असेल तर मोठे प्लॉट यासाठीही हवेत.

१९८९च्या सिमसिटीत ही काटकसर आणखी बारीक होती. घनता आणि भाव यांचे तक्ते प्रत्येक चौकोनासाठी न ठेवता चार चौकोनांमागे एक आकडा ठेवला होता. म्हणून वरच्या हिशेबात एक पाऊल दोन चौकोनांचं झालं.

करून पाहण्यासारखं

हे सगळं एकत्र पाहायचं असेल तर मायक्रोपोलिसमध्ये एक छोटा प्रयोग करा. मध्यभागी व्यापारी झोन, भोवती बगीचे, जवळच निवासी आणि थोडं दूर औद्योगिक झोन, असं गाव वसवा आणि पाचव्या पायरीची एक इमारत उगवेपर्यंत थांबा. मग तिला हात न लावता नकाशाच्या एकाच कडेला नव्या निवासी झोनांची रांगच्या रांग टाका. प्रत्येक नव्या झोनबरोबर सरासरी त्या दिशेला ओढली जाईल आणि शहराचा मध्य पावला-पावलाने सरकेल. तुमची इमारत जागची हललेली नसेल, पण तिच्या जमिनीचा भाव चार-चार अंकांनी उतरत जाईल. १३६, १३२, १२८. त्यानंतरच्या पावलाला भाव १२४ होतो, आणि तशी इमारत तिथं नव्याने उगवायची झाली तर बगीच्यांच्या आधाराशिवाय उगवणार नाही.